मुदत यंत्राची की विक्रीची?

वेष्टनावर छापलेल्या अंतिम तारखेबद्दल सर्वसामान्य ग्राहकाच्या मनात एक प्रकारचा धाक असतो. दुधाच्या पिशवीवरील तारीख उलटली की दूध नासते, हा अनुभव रोजचा. त्यामुळे औषधाच्या पट्टीवरील तारीख उलटली की औषधही नासत असले पाहिजे, असे तो गृहीत धरतो. आणि तेच गृहीत पुढे यंत्रांनाही लावतो. वस्तुतः दूध, औषध आणि यंत्र यांच्या मुदती निरनिराळ्या कारणांनी ठरतात, निरनिराळी माणसे त्या ठरवतात, आणि त्यांतील काही कारणे रसायनशास्त्रातील नसून हिशेबाच्या वहीतील असतात. मधुमेही रुग्णांच्या अंगावर बसवल्या जाणाऱ्या एका लहानशा ट्रान्समीटरच्या निमित्ताने गेली दहा-बारा वर्षे अमेरिकेत या प्रश्नाचा जो ऊहापोह झाला, तो म्हणूनच केवळ रुग्णांपुरता किंवा वैद्यकापुरता राहत नाही.

शरीरातील साखर सतत मोजणाऱ्या या उपकरणाची रचना समजण्यास फारशी कठीण नाही. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या पट्टीखाली केसासारखी बारीक तार त्वचेत शिरलेली असते. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर असतो. पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातील ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते आणि त्यातून अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह मिळतो. ग्लुकोज जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. हा झाला सेन्सर. त्यावर खटकन बसणारा, बोटाच्या पेराएवढा करडा तुकडा म्हणजे ट्रान्समीटर. दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसातून २८८ वेळा, तो मोजलेला आकडा मोबाइलकडे अथवा इन्सुलिनच्या पंपाकडे पाठवतो. ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही त्या मुलाच्या आईच्या दृष्टीने हे आकडे म्हणजे चैन नव्हे. रात्री झोपेत साखर झपाट्याने उतरली तर मूल बेशुद्ध पडू शकते. ते होण्यापूर्वी उशाशी वाजणारा इशारा याच तुकड्यातून निघतो.

आता या जोडीतील दोन भागांची प्रकृती अगदी भिन्न आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. सेन्सर शरीराच्या आत असतो. एन्झाइमचा थर दिवसागणिक झिजतो, आणि परक्या वस्तूभोवती कोष विणण्याची शरीराची प्रवृत्तीही आपले काम करीत असते. काही दिवसांनी आकडे भरकटू लागणे हा येथे निसर्गक्रमच होय. ट्रान्समीटर मात्र शरीराबाहेर असतो. त्यात झिजणारी वस्तू एकच, ती म्हणजे बॅटरी. मनगटी घड्याळात घालतात तसले सिल्व्हर ऑक्साइडचे बटणाएवढे सेल राळेत कायमचे सीलबंद केलेले असतात. ते संपले की ट्रान्समीटर संपला. तोपर्यंत त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग शाबूत असतो.

सॅन डिएगो येथील डेक्सकॉम या कंपनीच्या यंत्रांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेल्या ‘जी फोर’ या यंत्राच्या ट्रान्समीटरला सहा महिन्यांची हमी होती. सहा महिने संपले म्हणून तो बंद पडत नसे. बॅटरी असेपर्यंत चालत राही, आणि अनेकांच्या अंगावर तो नऊ महिने, क्वचित वर्षभरही टिके. २०१५ मध्ये ‘जी फाइव्ह’ आले. त्याचा ट्रान्समीटर आकडे ब्लूटूथने थेट मोबाइलकडे पाठवू लागला आणि हमी सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. मोबाइलशी थेट बोलायचे तर बॅटरी अधिक खर्ची पडणार, हे कारण प्रामाणिक आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तथापि याच पिढीत एक नवी गोष्टही अवतरली. ट्रान्समीटर स्वतःचे दिवस मोजू लागला. ११२ दिवस भरले की बॅटरीत जीव असो वा नसो, कंपनीच्या ॲपपुरता तो मृत ठरे.

२०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘जी सिक्स’ने ही पद्धत अधिक काटेकोर केली. त्याच्या ट्रान्समीटरला एक नव्हे, तीन मुदती होत्या. पहिली खोक्यावर छापलेली: अमुक तारखेपूर्वी वापरास प्रारंभ करावा. बॅटरी सीलबंद असल्यामुळे कपाटात पडल्यापडल्याही ती थोडीथोडी उतरते, म्हणून ही तारीख समजण्यासारखी आहे. दुसरी हमीची: सुरू केल्यापासून ९० दिवस, म्हणजे दहा-दहा दिवसांचे नऊ सेन्सर. तिसरी खोक्यावर नव्हे, तर यंत्राच्या आतील आज्ञावलीत होती. शंभरावा दिवस उलटला की नवा सेन्सर सुरू करण्यास ट्रान्समीटर नकार देई, आणि ११० व्या दिवसानंतर त्याचे काम थांबे. शंभर आणि दहा मिळून एकशे दहा, हा हिशेब सरळ आहे: शंभराव्या दिवशी बसवलेला सेन्सर मध्येच निराधार होऊ नये. परंतु मुळात शंभरच का, दीडशे का नव्हे, या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबात नाही. ते बॅटरीच्या चाचण्यांत असेल किंवा विक्रीच्या अंदाजपत्रकात असेल. ग्राहकाला ते शोधण्याची सोय नव्हती.

सोय नव्हती म्हणून काही ग्राहकांनी ती निर्माण केली. या चळवळीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयास हवी. २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातील एका संगणकतज्ज्ञ पित्याने आपला मुलगा शाळेत असताना त्याच्या साखरेचे आकडे कार्यालयात बसून पाहता यावेत म्हणून यंत्रातील माहिती इंटरनेटवर नेण्याची युक्ती काढली. त्यातून ‘नाइटस्काउट’ ही विनामूल्य प्रणाली उभी राहिली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे जमलेल्या रुग्णांनी व पालकांनी ‘आम्ही थांबून राहणार नाही’ अशा अर्थाची घोषणा दिली. पुढे ‘एक्सड्रिप’सारखी मोफत ॲप्स आली. त्यांत ट्रान्समीटरच्या बॅटरीचा प्रत्यक्ष दाब दिसू लागला, आणि कंपनीच्या ॲपने मृत ठरवलेल्या अनेक ट्रान्समीटरांत अद्याप पुरेसा जीव आहे हे उघड झाले. आरंभीच्या ‘जी सिक्स’ ट्रान्समीटरांतील दिवसांची मोजणी शून्यावर आणता येत असे. हस्तकौशल्य असलेली मंडळी राळ कापून आत नवे सेल बसवीत व पुन्हा सील करीत. नंतरच्या तुकड्यांत अंतर्गत रचना बदलली आणि मोजणी शून्यावर आणण्याची ही वाट बंद झाली. बंद करण्यामागे सुरक्षिततेचा विचार असेलही. पण जे दार बंद झाले ते नेमके काटकसरीचे होते, याची नोंद कोणत्याही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यावी.

ही उठाठेव करणारे लोक हौशी होते, असे म्हणून प्रश्न उडवून लावता येणार नाही. अमेरिकेत विमा नसेल तर एका ट्रान्समीटरसाठी शेकडो डॉलर मोजावे लागत. विमा असलेल्यांना सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांस एक ट्रान्समीटर मिळे. त्यातही तेथील विम्याचे वर्ष बहुधा जानेवारीत सुरू होते, आणि एका ठरावीक रकमेपर्यंतचा वर्षाचा पहिला खर्च रुग्णाने स्वतःच्या खिशातून करावयाचा असतो. डिसेंबरच्या अखेरीस संपणारा ट्रान्समीटर आणखी वीस दिवस चालला काय किंवा न चालला काय, यावर एखाद्या कुटुंबाचा जानेवारी महिना अवलंबून असे. वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याने तर अशा उपकरणांचा खर्च २०१७ पर्यंत उचललाच नव्हता; इन्सुलिन घेणाऱ्या सर्वांना तो लाभ २०२३ मध्ये मिळाला. परिणाम विपरीत झाला. विमा असलेल्या सावध गृहस्थाने दर वेळी शेवटच्या दिवसापर्यंत जुना ट्रान्समीटर वापरला की त्याच्या कपाटात नव्यांचा साठा होई. विमा नसलेला मात्र एकशे दहाव्या दिवशी रिकाम्या हाताने बसे. टिकाऊपणाचा फायदा ज्याला त्याची गरज कमी त्याला अधिक मिळाला.

हिशेब साधाच आहे. दर ९० दिवसांनी बदलल्यास वर्षाला चार ट्रान्समीटर लागतात. ११० दिवस चालवल्यास सव्वातीन. तोच १८० दिवस चालला तर दोन. म्हणजे एका आज्ञेने, एका आकड्याने, मागणी दुप्पट होते वा निम्मी होते. असा आकडा ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्याकडून तो आकडा ठरवताना विक्रीकडे पूर्णतः पाठ फिरवण्याची अपेक्षा करणे हे मनुष्यस्वभावाचे अज्ञान होय.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी १९२४ मध्ये ‘फीबस’ नावाचा संघ स्थापला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. ज्या कारखान्याचे दिवे अधिक काळ जळत त्याला दंड होई. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी तो संघ मोडला. १९३२ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, बर्नार्ड लंडन या न्यूयॉर्कमधील गृहस्थाने एका पुस्तिकेत असे सुचवले होते की, सरकारनेच प्रत्येक वस्तूला कायदेशीर आयुर्मर्यादा घालून द्यावी आणि ती संपताच वस्तू मोडीत काढावी, म्हणजे कारखाने पुन्हा धडधडू लागतील. तेव्हा ती कल्पना विक्षिप्त वाटली असेल. आज सरकारची जागा आज्ञावलीने घेतली आहे, एवढाच फरक. रोनाल्ड कोझ यांनी १९७२ मधील एका छोट्या लेखात दाखवून दिले की, टिकाऊ वस्तूच्या मक्तेदार विक्रेत्याचा सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे त्याने स्वतःच पूर्वी विकलेला माल. यातून सुटण्याचे मार्ग दोन: वस्तू विकण्याऐवजी भाड्याने द्यावी, किंवा ती कमी टिकाऊ करावी. जेरेमी ब्युलो यांनी १९८६ मध्ये हा विचार पुढे नेला. शंभर दिवसांचे कुलूप पाहिले म्हणजे हे दोन मार्ग एकच असल्याचे जाणवते. ज्या यंत्राचे आयुष्य खरेदीपूर्वीच दुसऱ्याने मोजून ठेवले आहे ते विकत घेणे म्हणजे भाड्याने घेणेच. फक्त पावतीवर शब्द निराळा.

तथापि या विषयात एकच बाजू मांडणे अन्यायाचे होईल. वैद्यकीय उपकरण म्हणजे विजेचा दिवा नव्हे. दिवा गेला तर अंधार होतो. साखरेचा आकडा चुकला तर चुकीची मात्रा शरीरात जाते. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता नसलेली उपकरणे व जोडण्या वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला, तो एका रुग्णाला इन्सुलिनची अतिरिक्त मात्रा गेल्याच्या घटनेनंतरच. राळ कापून पुन्हा चिकटवलेल्या ट्रान्समीटरात पाणी शिरू शकते. बॅटरी क्षीण झाली की आकडे मधूनमधून गळू लागतात, आणि पंप त्या आकड्यांवर विसंबून आपोआप इन्सुलिन देत असेल तर ती गळती क्षुल्लक राहत नाही. कोणत्याही शिक्षकाने किंवा कारकुनाने हा लेख वाचून घरातील रुग्णाच्या अंगावरील यंत्र चाकूने उघडावे, असा याचा अर्थ मुळीच नाही.

परंतु सुरक्षिततेचा मुद्दा नेमका कोठे लागू पडतो हे तपासले पाहिजे. मुदत उलटलेला सेन्सर खोटे बोलू शकतो: आकडा येत राहतो, पण तो चुकीचा असतो, आणि चुकीचा आहे हे कळत नाही. हा धोका खरा व गंभीर आहे. बॅटरी संपत आलेला ट्रान्समीटर मात्र बहुधा खोटे बोलत नाही. तो गप्प होतो. त्याचे गप्प होणे मोबाइलवर लगेच दिसते. गप्प होण्याचा धोकाही लहान नव्हे, विशेषतः रात्री. पण त्यावरचा उपाय बॅटरीचा दाब रुग्णाला दाखवणे हा आहे. दिवस मोजून सरसकट सर्वांची मुंडी मुरगाळणे हा उपाय सोपा असेल, एकमेव नव्हे. सेन्सरच्या झिजेचे कारण पुढे करून ट्रान्समीटरच्या कुलपाचे समर्थन करणे ही गल्लत आहे, आणि ती गल्लत ग्राहकाच्या बाजूने कधीच होत नाही.

तारीख सोडून प्रत्यक्ष तपासणीवर विसंबल्याने काय साधते याचे दोन दाखले येथे देण्यासारखे आहेत. अमेरिकेच्या लष्कराकडे औषधांचा प्रचंड साठा असतो. दर वेळी तारीख उलटली म्हणून तो फेकणे परवडेना, तेव्हा १९८६ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या साह्याने त्या साठ्याची रासायनिक तपासणी करून मुदत वाढवण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२२ औषधांच्या तीन हजारांहून अधिक घाण्यांची तपासणी झाली होती आणि त्यांपैकी ८८ टक्के घाण्या छापील तारखेनंतर किमान एक वर्ष वापरण्यास योग्य ठरल्या. मुदतवाढीची सरासरी ६६ महिने होती. अर्थात ती औषधे मूळ वेष्टनात, लष्करी गोदामात नीट ठेवलेली होती. स्वयंपाकघरातील फळीवरच्या बाटलीला तो निष्कर्ष लागू होत नाही. मुद्दा इतकाच की, ज्याच्याकडे प्रयोगशाळा होती त्याला तारखेचे खरे मूल्य कळले. ज्याच्याकडे नाही तो फेकून देतो.

दुसरा दाखला मुंबईचा आहे. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारा पेसमेकर हेही बॅटरीवर चालणारे सीलबंद यंत्रच. अमेरिकेत मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या शरीरातून काढलेले, नातेवाइकांनी दान केलेले पेसमेकर तपासून, ज्यांच्या बॅटरीत सत्तर टक्क्यांहून अधिक शक्ती शिल्लक होती असे ५३ पेसमेकर वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवण्यात आले. त्यांची हकीकत २०११ मध्ये हृदयरोगविषयक एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जंतुसंसर्गाची वा यंत्र बंद पडल्याची तक्रार त्यांत आढळली नाही. त्वचेवरच्या ट्रान्समीटरपेक्षा कितीतरी अधिक जोखमीच्या या यंत्राबाबत डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिले नाही, शिल्लक मोजली. ज्यांच्या शरीरात ती यंत्रे गेली त्यांना नवा पेसमेकर परवडणारा नव्हता, हे निराळे सांगावयास नको.

मुदतीच्या आकड्यात विज्ञान किती आणि व्यवहार किती, याचा आणखी एक पुरावा गेल्या काही वर्षांतील स्पर्धेने पुरवला आहे. सेन्सियॉनिक्स या कंपनीचा त्वचेखाली बसवायचा सेन्सर २०१८ मध्ये अमेरिकेत ९० दिवसांसाठी मान्य झाला, २०२२ मध्ये १८० दिवसांसाठी आणि २०२४ मध्ये ३६५ दिवसांसाठी. त्वचेवर चिकटवायच्या सेन्सरांतही दहाचे चौदा, चौदाचे पंधरा दिवस झाले. बाजारात दुसरा कोणी अधिक दिवस देऊ लागला की पहिल्यालाही दिवस सापडतात. अर्थात याची उलटी बाजूही आहे. एप्रिल २०२५ मध्ये मान्य झालेल्या डेक्सकॉमच्या पंधरा दिवसांच्या सेन्सरबाबत कंपनीच्याच चाचणीत असे दिसले की, सुमारे २६ टक्के सेन्सर पंधरा दिवस पुरे करीत नाहीत. म्हणजे छापलेली मुदत ही कधी खऱ्या आयुष्यापेक्षा कमी असते तर कधी जास्त. ती सरासरी असते, वचन असते, सौदा असतो.

या कथेचा सर्वांत बोलका भाग मात्र निराळाच आहे. ट्रान्समीटर मुदतीनंतर किती काळ चालतो हा प्रश्न आज नव्या ग्राहकाला पडेनासा झाला आहे. प्रश्न सुटला म्हणून नव्हे. प्रश्नाचा विषयच नाहीसा केला म्हणून. ॲबट कंपनीच्या ‘लिब्रे’मध्ये सेन्सर व ट्रान्समीटर प्रथमपासूनच एकत्र होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ‘जी सेव्हन’नेही तोच मार्ग स्वीकारला. दोन्ही भाग एकाच चकतीत. दहा दिवस आणि वर बारा तासांची सवलत, की चकती बंद. ती आकाराने लहान आहे, अर्ध्या तासात कामाला लागते, बसवणे सोपे आहे. ही सोय खरी आहे आणि तिची किंमत रुग्णांना कळते. पण जेथे नऊ सेन्सरांमागे एक ट्रान्समीटर पुरत होता तेथे आता नऊ बॅटऱ्या, नऊ इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आणि नऊ प्रक्षेपक कचऱ्यात जातात. झिजणाऱ्या भागाला न झिजणारा भाग कायमचा जखडला की टिकाऊपणाचा वादच संपतो. पतीबरोबर सती जावे तशी धडधाकट बॅटरी थकलेल्या तारेबरोबर जाते. मोजणी शून्यावर आणणाऱ्या चतुर कारागिरांना कंपन्यांनी दिलेले हे खरे उत्तर होते, आणि ते देण्यासाठी कोणत्याही न्यायालयात जावे लागले नाही.

कायदा या बाबतीत मागून लंगडत येत आहे. फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर घटवणे हा गुन्हा ठरवला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे निर्देश काढले. त्यांत धुलाईयंत्रे आहेत, शीतकपाटे आहेत, मोबाइल आहेत, वैद्यकीय उपकरणे नाहीत. अमेरिकेत यंत्राच्या आतील डिजिटल कुलूप मोडणे हा १९९८ च्या स्वामित्वहक्क कायद्याने अपराध होता. रुग्णाला आपल्याच शरीरातील उपकरणाची माहिती वाचण्यास २०१५ मध्ये, तर वैद्यकीय यंत्रे दुरुस्त करण्यासाठी २०२१ मध्ये सूट मिळाली. आपल्याच अंगावरचे आपलेच आकडे वाचण्यासाठी माणसाला स्वामित्वहक्काच्या कायद्यातून पळवाट मागावी लागली, ही गोष्ट पुढील पिढ्यांना बहुधा विनोदी वाटेल.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप लवकरच मोठे होणार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्या सर्वांना सतत मोजणीची गरज नाही. पण ज्यांना आहे, विशेषतः ज्या मुलांना जन्मभर इन्सुलिन घ्यावयाचे आहे, त्यांच्या पालकांपुढे चौदा दिवसांची चकती चार-पाच हजार रुपयांच्या घरात उभी आहे. वर्षाला अशा सव्वीस लागतात. लाखाच्या वर जाणारा हा खर्च येथील आरोग्यविमा सहसा देत नाही, कारण तो रुग्णालयात दाखल होण्याभोवतीच घुटमळतो. तेव्हा अनेक घरांत चकती महिन्यातून एकदाच, किंवा परीक्षेच्या दिवसांत, किंवा डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी बसवली जाते. सतत मोजणारे यंत्र अधूनमधून वापरणे हा काटकसरीचा भारतीय अवतार होय, आणि यंत्राने स्वतःला वेळेवर बंद करण्याचा त्यावर काहीच इलाज नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे वेष्टनावर मुदत छापणे उत्पादकास भाग आहे. पण ही कपाटातील मुदत झाली. वापर सुरू केल्यानंतर यंत्र किती दिवस चालेल, ते बॅटरी संपल्यामुळे थांबेल, सेन्सर झिजल्यामुळे थांबेल की आज्ञेमुळे थांबेल, आणि तो आकडा कोणत्या चाचणीवरून निघाला, हे ग्राहकाला सांगण्याची सक्ती व्हावयास हवी. त्यासाठी उत्पादकाचे कोणतेही गुपित फुटत नाही. मान्यतेसाठी अर्ज करताना त्याने ही माहिती आपल्या चाचण्यांत गोळा केलेलीच असते. जेथे थांबण्याचे कारण केवळ आज्ञा हे असेल, तेथे हमीची मुदत संपल्यानंतर बॅटरीची स्थिती दाखवून, जबाबदारी समजावून, रुग्णाला पुढे चालू ठेवण्याचा पर्याय का देऊ नये, याचे लेखी कारण नियामकाने मागावे. कारण सबळ असेल तर ते छापले जावे. मुदतीपूर्वी बंद पडणाऱ्या चकत्यांचे प्रमाणही त्याच कागदावर यावे, म्हणजे चौदा दिवसांचे पैसे देऊन अकरा दिवस मिळालेल्या पालकाला कंपनीकडे बदली चकती मागताना तो अपवाद आहे की नियम हे तरी कळेल.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने आरंभासाठी चार क्षेत्रे निवडली: शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी. अंगावर बसणारी वैद्यकीय उपकरणे या यादीत नाहीत. ग्राहक संघटनांनी आणि मधुमेही मुलांच्या पालकांनी पाचव्या क्षेत्राची मागणी खात्याकडे लेखी नोंदवावी, आणि तीत सर्वप्रथम त्या एका ओळीचा आग्रह धरावा: यंत्र कशामुळे थांबते ते वेष्टनावर लिहा.